एक ते दहा

कागदावर प्रश्न असा होता:
घरी गेल्यावर आपला आजार आपण सांभाळू
असा तुम्हाला कितपत भरवसा वाटतो?
एक ते दहा. आकड्याला गोल करा.

मी शिंपीण. वाल्पाराईसोच्या टेकडीवर
चाळीस वर्षं लग्नाचे झगे शिवले,
बाई दारातून आत येईपर्यंत
तिच्या कमरेचा घेर सांगते.
पण सान्तियागोच्या त्या दवाखान्यात
यास्ना नर्सनं पेन हातात दिलं
आणि मला आकडाच सापडेना.
तीनला गोल केला.
खरं तर दोन होता, लाजेपायी एक वाढवला.

फुप्फुसं परक्याची, दोन्ही.
कुणाची ते सांगत नाहीत.
हृदयातलं जन्माचं भोकही त्याच बैठकीत बुजवलं.
या काखेपासून त्या काखेपर्यंत शिवण.
आरशात पहिल्यांदा पाहिली
तेव्हा रडू यायला हवं होतं,
पण आधी मनात आलं,
डाव्या टोकाला कापड ओढलं गेलंय;
माझ्या हाताखालच्या पोरीनं असं केलं असतं
तर सगळं उसवायला लावलं असतं.

मग घर. सकाळी आठ, रात्री आठ, गोळ्या.
पपनस खायचं नाही. कबुतरांना दाणे नाहीत.
कुंडीतल्या मातीत हात घालायचा तर मोजे.
रोज नळीत फुंकायचं, आकडा लिहायचा.
वही जुनीच, गिऱ्हाइकांच्या मापांची:
छाती, कंबर, बाही खोडून
त्याच रकान्यांत श्वास, ताप, वजन.

पहिल्या महिन्यात अकरा फोन.
शिंक आली, फोन.
हात थरथरला, सुईत दोरा जाईना, फोन.
"गोळ्यांमुळे होतं तसं, एदुविहेस बाई."
मग मी मोठ्या नेढ्याच्या सुया आणल्या.
त्याबद्दल कुणाला फोन केला नाही.

घरापासून रस्त्यापर्यंत एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या.
टेकडीची पाळणागाडी बंद पडून तीन वर्षं झाली.
चढताना आधी चोविसाव्या पायरीवर बसायचे,
मग एकेचाळिसाव्या, निळ्या दारापाशी,
मग ऑगस्टात सर्दी झाली
आणि पुन्हा सतरावर.
खालचे डॉन एर्मोहेनेस बोल्दोचा काढा घेऊन आले.
भला माणूस. त्यांच्यासमोर कप ओठांना लावला,
ते गेल्यावर कुंडीत ओतला.
मोजे घालून.

सप्टेंबरात एका रात्री
वहीतला आकडा सलग दुसऱ्या दिवशी उतरला.
ताप अडतीस पूर्णांक दोन.
बहीण म्हणाली, सकाळपर्यंत बघू.
आमच्या घरात सगळे सकाळपर्यंत बघत आलेत.
आईही.
मी दोन वाजता फोन लावला,
आकडे वाचून दाखवले,
माप सांगतात तसे, घाई न करता.
पिशवी भरून दाराशी होतीच.
समुद्रावरून धुकं वर चढत होतं,
मी त्यातून खाली, कठडा धरून.
भीती? होती ना.
सगळ्या एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या
माझ्याबरोबर उतरली.

वर्षानं तोच कागद, तेच पेन.
सातला गोल केला.
"इतकं सगळं करता, मग दहा का नाही?"
पोरी, जी बाई दहा लिहील
तिच्या हाती मी रेशीम कापायला
कात्री देणार नाही.

परतताना नव्वदाव्या पायरीवर थांबले.
दमले नव्हते.
बरं, थोडी दमले होते.
त्या परक्याला म्हटलं, बैस जरा,
अजून सत्त्याण्णव आहेत.