दोन काटक्या

गोंदरच्या वर, जिथे रस्ता संपतो आणि शेळ्यांची वाट सुरू होते,
तिथे मी सात वर्षं वचनांचा अर्थ शिकलो.
पाटी नाही, वही नाही. सगळं गुरुजींना पाठ.
मेम्हिर एन्बाकोम. लहानपणी देवी आल्या
आणि जाताना त्यांचे डोळे घेऊन गेल्या.

पद्धत अशी :
ते गीझमधली एक ओळ म्हणत. थांबत.
मग आमच्या रोजच्या अम्हारीत तिचे अर्थ, एकामागून एक,
प्रत्येकाच्या आधी तोच शब्द : अंदेम.
आणि एक म्हणतो.
कोण एक? ते विचारायचं नसे.
कुणा गुरूचा गुरू, त्याचाही गुरू ; नाव पाखडताना उडून गेलं,
सुपात अर्थ राहिला.
कुणी कुणाला खोडत नसे.
चार अर्थ चार पाहुण्यांसारखे एका घोंगडीवर बसत.

त्या दिवशी सारफथची विधवा आली.
दुष्काळ, गावाची वेस, मडक्याच्या तळाशी मूठभर पीठ.
ती दोन काटक्या वेचते आहे,
आणि उपाशी संदेष्टा तिच्याकडे भाकर मागतो.
दोनच का?
गुरुजी बोटांची पेरं मोजू लागले.

आणि एक म्हणतो : एक उभी, एक आडवी. तो क्रूस.
आणि एक म्हणतो : जुना करार, नवा करार ; एकट्या काटकीनं जाळ धरत नाही.
आणि एक म्हणतो : देह आणि जीव, दोन्ही जळायला निघालेले.
आणि एक म्हणतो : दोन म्हणजे थोड्या. बोलायची रीत आहे.

हा शेवटचा आम्हाला आवडला नाही.
आम्हाला क्रूस हवा होता.

दुपारी झोळी आणि कुत्र्यांसाठी काठी घेऊन
मी खालच्या वस्तीवर मागायला गेलो.
अत्सेदेच्या दारात धूर होता.
नाचणीचं पीठ भिजवत ती रोजच्यासारखी म्हणाली,
'आज काय शिकवलं तुमच्या म्हाताऱ्यानं?'
मी सांगितलं. चारही. क्रूसावर जरा जास्त थांबून.

ती हसली नाही.
'दुष्काळात लाकडाला काय तोटा रे?
सगळं रानच वाळलेलं. मोळी बांधली असती तिनं.
पण पिठाकडे बघून जळण आणतात.
एवढंसं पीठ, दोन काटक्या पुरतात.
रांधणारीला ते डोळ्यांनी कळतं.'

मग तव्यावरचं झाकण उचलून, वाफेत तोंड घालून :
'आणि पोराच्या आधी त्यानं स्वतःला मागितली?
मी दिली नसती.
माझ्याकडलं पीठ संपलं त्या साली
दारात कुणी संदेष्टाही आला नाही.'
तिनं इंजेरा फाडली. मोठा तुकडा
माझ्या झोळीत टाकला.

रात्री मी गुरुजींना सांगितलं, काटक्यांचं तेवढंच.
पोराचं सांगितलं नाही.
ते बराच वेळ मेंढीच्या कातड्यावर बोटं फिरवत राहिले.
मला वाटलं, आता काठी येणार.
'कोणत्या घरात ऐकलंस?'
'खालच्या.'
'हं.'

सकाळी पुन्हा तीच ओळ.
क्रूस झाला, करार झाले, देह-जीव झाला,
थोड्या झाल्या.
मग एक श्वास, आणि पाचवं पेर :

आणि एक म्हणते.

वोर्केनं माझ्याकडे पाहिलं. कुणी खोकलं.
गुरुजींचा आवाज तसाच, सपाट,
जणू हे त्यांना त्यांच्या गुरूंनीच दिलं होतं.

आता बहिर दारला मी शिकवतो, ट्यूबलाइटखाली ;
मुलं फोन मध्ये ठेवून माझा आवाज टिपून घेतात.
दर वर्षी त्या ओळीला कुणीतरी मान वर करतं :
'म्हणते? की म्हणतो?'
मी पुढची ओळ घेतो.

पुढच्या ओळीत मुलगा आहे.
तिथे माझ्याकडे अर्थ तीन आहेत,
चौथा मी अजून कुणाला दिलेला नाही.