दुय्यम प्रत

चारच्या सुमाराला उजव्या डोळ्यामागं
कुणीतरी खटका दाबतं.
आधी एकच माग हलतो,
मग सगळी शेड.

मी चेकर. साखर पेठेतल्या गोडाऊनात
दिवसाला सहाशे टॉवेल डोळ्यांखालून जातात,
पांढऱ्यावर पांढरं.
सुटलेला लूप, तुटकं सूत, तेलाचा ठिपका,
चूक शोधायचे पैसे मिळतात मला.
घरी आले तरी डोळे सुट्टी घेत नाहीत,
ताटातल्या भातातही जाळ पडलाय का बघतात.

आमच्या बोळात या दुखण्याला तीन नावं.
सासू म्हणते तलनोप्पी,
समोरची गुरुबसव्वा तलेनोवू,
मी शाळेत मराठी शिकले, मी म्हणते डोकं उठलंय.
उठलेल्याला निजवायचं कसं
हे तिन्ही भाषांत कुणाला नीट ठाऊक नाही.

गोळ्या पुष्कळ झाल्या.
टेबलाच्या खणात शिक्क्याशेजारी पत्रा असायचा.
मग पोटात आग पडायला लागली
तेव्हा दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, आता थांबा जरा.
भरपूर पाणी प्या. झोप पुरी घ्या.
उन्हात हिंडू नका, म्हणाली,
सोलापुरात, एप्रिलात.
मला हसू आलं.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
म्हणजे तिचं पहिलं औषध
दुसऱ्याच्या मुळावरच उठलेलं.

तरी करते जमेल ते.
डब्याबरोबर दोन बाटल्या नेते, दोन्ही रिकाम्या आणते.
गुरुबसव्वानं सहाणेवर सुंठ उगाळून दिली,
लेप वाळला की कपाळ असं ओढतो
की दुखणं थोडा वेळ आपलं काम विसरतं.
खिडकीला जुनी चादर लावली, उलटी,
म्हणजे तिच्यावरचे मोर बाहेरच्यांना दिसतात
आणि आत नुसता अंधार.

परवा सासूनं विड्यांचं सूप उचललं
आणि न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसली.
तंबाखूच्या वासानं माझं डोकं वाढतं
हे मी नऊ वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

त्याच रात्री लाईट गेली.
आधी आमच्या लाईनीची, मग पलीकडची.
माग एकेक करून गप्प झाले,
आणि कळलं, एवढा वेळ मी दातावर दात दाबून होते.
मल्लेशम शेडवरून परत आला.
लाईट नाही म्हणजे मजुरी नाही,
पण ते तो उंबऱ्यापाशीच ठेवून आत आला.
माठातल्या पाण्यात टॉवेल पिळला,
माझ्या डोळ्यांवर ठेवला.

टॉवेल मी ओळखला.
मधोमध बोटभर जाळ.
गेल्या महिन्यात मीच बाजूला टाकला होता,
मीच शिक्का मारला होता, दुय्यम प्रत.
माग नंबर अकरा. त्याचाच.
पैसे कापले गेले, त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
आदल्या रात्री पाणी आलं होतं,
घागरी त्यानंच भरल्या होत्या, मला न उठवता.

झोप की गप, म्हणाला.
आणि त्याची बोटं कानशिलावरून वर गेली,
हजारो तारांत तुटलेली एक
न बघता सापडते तशी
भुवईच्या टोकाशी थांबली.
तिथंच, म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला.
अंगठ्यानं दाबून धरलं,
गाठ मारताना धरतो तेवढंच,
सूत तुटणार नाही इतपत.

किती वेळ गेला कोण जाणे.
टॉवेल गरम झाला, पुन्हा भिजला.
बाहेर सासू अंधारातच विड्या वळत होती,
पानाचा बारीक आवाज, तेवढाच.

मग लाईट आली.
सगळा पूर्वभाग एकदम खडखडला,
तो चप्पल शोधायला लागला.
कमी आहे का?
आहे, म्हटलं. थोडं उरलंय.

टॉवेलच्या जाळातून
मला त्याची पाठ दिसत होती,
बनियनला खांद्यापाशी भोक.
उद्या शिवायला हवं.