दोन बोटांची जागा

मेडिकलच्या प्लास्टर रूममध्ये
एकवीस वर्षं पट्ट्या बांधल्यात मी.
पट्टीखाली दोन बोटं सरकायला हवीत,
नखं गुलाबी राहायला हवीत,
नव्या पोरींना रोज सांगते.
हे घरी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

नवतपाच्या तिसऱ्या रात्री,
कूलरची खस वाळत आलेली,
गिरधर भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"दिवसभर ऐंशी माणसांना हुकूम सोडतो.
एखादा तास कोणी मला…"
पुढचं त्यानं पंपाच्या घरघरीत बुडवलं.

मी हसले नाही.
हसले असते तर ते वाक्य
पुन्हा कधीच वर आलं नसतं.
आधी विचारलं, काहून?
मग विचारलं, कसं?

रविवारी तर्री-पोह्यांच्या प्लेटा पुढ्यात घेऊन
किराण्याच्या यादीमागच्या कोऱ्या बाजूला
लिहून काढलं:
हात चालतील.
डोळ्यांवर ओढणी, बघू.
गळ्याला काही नाही, कधीच नाही.
आवाज चढवायचा नाही. त्याचे वडील चढवायचे.
पुढच्या बाजूला तूरडाळ दोन किलो, फिनाईल.

थांबायचा एक शब्द हवा होता.
'नको' कामाचं नाही,
खेळात 'नको' लाडानंही येतं.
'संत्रं' फार गोड.
'पाणी' तर मे महिन्यात कोणीही मागतं.
शेवटी तो म्हणाला, "बुटीबोरी."
त्याची कंपनी, सकाळची सहा-चाळीसची बस.
प्रेमात हा शब्द चुकूनही
कोणाच्या तोंडून निघायचा नाही, बाप्पा.

गांधीबागेतलं मऊ सुती कापड,
उशाशी बोथट टोकाची कात्री.
घड्याळाखाली त्याच्या मनगटाचा
ऊन न लागलेला पट्टा मी पहिल्यांदा नीट पाहिला.
गाठ मारली. दोन बोटं सरकवली.
म्हटलं, हलू नकोस.
आणि ज्याचे खांदे लग्नापासून
कधी खाली आलेले पाहिले नव्हते,
तो माणूस असा सैल झाला,
जशी लाइट गेल्यावर
गल्लीतली सगळी यंत्रं एकदम गप्प होतात.

तिसऱ्या वेळी, अर्ध्यातच,
अगदी हळू: "बुटीबोरी."
आधी कात्री, मग प्रश्न.
प्रश्न खरं तर विचारलाच नाही.
चादर, माठातलं पाणी, थोडं पन्हं,
त्याचं डोकं माझ्या मांडीवर,
आणि सवयीनं नखं तपासली,
गुलाबी होती.
काय झालं होतं ते त्यानं अजून सांगितलं नाही.
सांगेल तेव्हा सांगेल.

गेल्या आठवड्यात तो शब्द मी उच्चारला.
ड्यूटीवर बारा मनगटं बांधून आले होते,
तेरावं नको झालं.
बांधणारीचाही तो शब्द असतो,
हे लिहायचं राहिलंच होतं.
गिरधर उठला,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं,
डब्यामागून यादी शोधली,
माझ्याकडून पेन घेऊन तेवढं लिहिलं.
तूरडाळ मात्र
अजून आणायचीच आहे.