माप

सोनवणे सर रिटायर झाल्यापासून पुराणं सोलत बसतात.
राक्षस म्हणजे जंगलातली माणसं, त्यांच्या मते.
नाक कापलं म्हणजे नदीच्या वळणावरचा सुळका फोडला,
पायऱ्यांना दगड हवा होता म्हणून,
आणि गावाला नाव तेवढं उरलं.
"मुळात काहीतरी घडलेलं असतंच," ते म्हणतात,
"लोक फक्त वरून शेंदूर चढवतात."
मी मान हलवतो. चहाचे पैसे तेच देतात.

काल मला घाटावर घेऊन गेले,
बुधवारचा बाजार भरतो तिथे.
ओट्याच्या कोपऱ्यात मूठभर देव आहे. तोलाई.
बायका तिला मेथीची जुडी वाहतात.
उधारीवरून वाजलं की दोघांना इथे आणतात:
ठेव हात, आणि बोल.
खोटं बोलणाऱ्याला म्हणे झोपेत पाणी दिसतं.
सांगतात ते असं, की गंगेनं एकदा वर येऊन विचारलं,
माझं वजन किती?
सगळा बाजार गप्प. एकीनं तराजू धरला,
एका पारड्यात नदी घेतली,
दुसऱ्यात स्वतः बसली.
काटा हलला नाही.

सर म्हणाले, ही व्यापाऱ्यांची देवी असणार,
लेणी कोरली तेव्हाची. दोन हजार वर्षं सहज.
मी म्हणालो, असेल.

सव्वीस वर्षं.
ठकूबाई मोकळ. मखमलाबादहून भाजी आणायची.
देव म्हणजे तिचं दोन किलोचं लोखंडी माप.
शेंदूर खरवडला तर वजनमापे खात्याचा ठसा निघेल,
उलटं केलं तर बुडाशी भोक,
त्यातलं शिसं तिनं काढून घेतलं होतं.
पन्नास ग्रॅम.
माझी बायको घरी येऊन पुन्हा तोलायची,
तिच्या नावानं बोटं मोडायची
आणि पुढच्या बुधवारी तिच्याकडेच जायची,
कारण कोथिंबीर ती वर घालायची.

धरणावरचा फोन मीच घेतला होता. दोन दहाला.
इतके हजार क्युसेक सोडतोय, घाट रिकामा करा.
क्युसेक कोणाला कळतात? गावाला दुतोंड्या मारुती कळतो:
गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला.
सकाळी पाणी त्याच्या घोट्यालाही नव्हतं,
आणि मी डबा उघडला होता.
वांगी. तिच्याकडचीच असतील.

भोंगा वाजला अडीचला.
सगळे पळाले. तीही पळाली, वरच्या पायरीवर पोचली,
मग मापं राहिली म्हणून परत उतरली.

संध्याकाळी मी रजिस्टर काढलं.
दहातल्या एकाचा तीन करायला
फार काही लागत नाही.
निळ्यावर निळी शाई.

सर फोटो काढत होते.
मला वाटलं, तेव्हाही कोणीतरी असेल,
जेवत बसलेला,
सुळका फुटला की बाई, हे ज्याला नक्की ठाऊक होतं,
आणि गोष्ट रंगत गेली तसतशी
ज्याला रात्री झोप लागू लागली.

तिचे पन्नास ग्रॅम. माझी वीस मिनिटं.
आणि हिच्यावर हात ठेवून गाव खरं बोलतं.

"तुम्ही तर पाटबंधाऱ्यात होतात," सर हसत म्हणाले,
"तुम्हाला काही माहिती असेल तर ठेवा हात, सांगा."
उन्हानं शेंदूर मऊ झाला होता.

हात ओला आहे, मी म्हणालो.