दुसऱ्या कडव्यातला पेला

मुहर्रकच्या बाजारात, सोनारांच्या बोळात,
अब्दुलनबीच्या कॅसेटच्या दुकानात
मी एकाच्या दहा करायचो,
दहाच्या शंभर.
साल शहाऐंशी, पगार पंचेचाळीस दिनार,
आणि अरबी अक्षर येत नव्हतं.

तिथे तो यायचा. बू-दलाल.
मला वाटलं, जागांचे सौदे करत असेल,
आमच्या चिपळुणात दलाल म्हणजे तेच.
पुढे कळलं, दलाल ही त्याची लेक,
आणि शब्दाचा अर्थ, लाड.
त्यांच्या भाषेत प नाही.
परशाचा मी बरशा झालो,
आणि खरं सांगतो, बरा वाटलो.

त्या रात्री मागच्या खोलीत रेकॉर्डिंग.
एक ऊद, एक कॅसिओ,
मिरवास घेऊन बसलेले दोघे भाऊ.
एसी घरघरतो म्हणून मीच बंद केलेला.
ऑगस्ट. भिंतींनाही घाम.
दुसऱ्या कडव्यापाशी तो थांबला, श्वासाएवढा,
आणि माझ्या ओल्या हातातून
चहाचा पेला बशीवर
ठिण्.

मी मेलोच.
त्याने डोळे न उघडता बोट फिरवलं, चालू दे.
पुढची ओळ गाताना हसला,
ऐकू येईल इतपत.

त्या ठिण्च्या किती प्रती काढल्या, हिशेब नाही.
खोबर, दम्माम, दोहा, कुवेत.
मासळीच्या होड्यांत मिठाने गंजल्या,
ट्रकांच्या काचेखाली उन्हाने वाकल्या,
तरी वाजल्या.
लग्नांत लोक त्या जागी
एकच टाळी द्यायला लागले.
का, म्हणून विचारलं एकाला.
म्हणाला, गाणंच तसं आहे.

गेल्या महिन्यात तो गेला.
पेपरात पानभर फोटो,
आणि जुनी सगळी गाणी
धुऊन-पुसून नव्याने आली.
कोल्ड स्टोअरमधल्या पोराने फोनवर लावून दिलं.
आवाज इतका लख्ख,
की त्याचे ओठ सुकलेले कळत होते.
दुसरं कडवं आलं.
तो थांबला, श्वासाएवढा.
काही नाही.
हसणं मात्र ठेवलंय.
आता तो कशाला हसला
ते कुणाला कळायचं नाही.

वाईट वाटलं का? वाटलं.
पण तक्रार कुणाकडे करायची,
आणि काय म्हणून,
की साहेब, त्यात माझा पेला होता?

काल संध्याकाळी समुद्राकाठी त्याच्यासाठी माणसं जमली.
दलालही होती, केस पिकलेली, पहिल्या रांगेत.
मी मागे, बोयांच्या ढिगाला टेकून.
स्पीकरवर तेच, धुतलेलं.
दुसऱ्या कडव्याला तो थांबला
आणि त्या रिकाम्या जागेत,
तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं,
सगळी मिळून,
एक टाळी.

मला वाजवता आली नाही.
हातात चहा होता,
कागदी कपातला.