कन्सीड

एल्स्पेथला शाळेने पाच क्रियापदं दिलीत,
प्रत्येकाची तीन वाक्यं, शुक्रवारपर्यंत.
चार उरकली. राहिलं ते कन्सीड.
शब्दकोशावर लोण्याचा डाग पडलाय,
आणि हीटरवर तिच्या बापाचे हातमोजे वाळताहेत,
दहाही बोटं फाकलेली.

रॉडरिक मेल्ड्रम, वय बेचाळीस,
अजून गोलात उभा राहतो
पीटरहेडच्या गोदी-कामगारांच्या संघासाठी.
समुद्राकडचा गोल असला
की वारा आधी येतो, मागून चेंडू.
"मला विचार की," तो म्हणतो,
"दर मंगळवारी छापतात माझ्या नावापुढे:
मेल्ड्रम कन्सीडेड फोर."
पहिलं वाक्य झालं.

"पण बाबा, इथे तर लिहिलंय,
आधी नाकारलेलं नाइलाजाने खरं मानणं."
"मी कुठे काय मानलं? चेंडू विचारून गेला का?"

दुसरं वाक्य मासळीवाल्या मिसेस ब्रूसचं.
कौन्सिलच्या निवडणुकीत एकोणीस मतांनी पडल्या,
पहाटे तीनला, कोटाची बटणं लावता लावता
चार शब्द बोलल्या आणि दुकान उघडायला गेल्या.
एल्स्पेथने ते नीट लिहिलं. बटणं गाळली.

मग दोघं माझ्याकडे वळले,
वरच्या खोलीतल्या भाडेकरणीकडे:
तुमच्यात काय म्हणतात?

कबूल म्हणावं तर ते फार पटकन होतं,
चोर करतो, नवरी करते.
हार पत्करणं म्हणजे मैदानच सोडणं.
नमतं घेणं जवळचं, पण त्यात शहाणपणाचा वास येतो.
मान्य म्हटलं तर त्यात मान आहे,
ताठ राहते ती, की राखायची असते ती,
हे आम्हालाही अजून ठरवता आलेलं नाही.
बहुतेक वेळा आम्ही नुसतं "असेल" म्हणतो,
खिडकीबाहेर बघत.
असेल. तू म्हणतोस तसं असेल.

हे एवढं इंग्रजीत सांगेपर्यंत
माझा चहा गार झाला.
रॉडरिक ऐकत होता की नव्हता, कोण जाणे.
उठून मागच्या दाराशी गेला,
आणि त्याने मर्डोला फोन लावला.

मर्डो म्हणजे भाऊ. लर्विकला असतो.
अकरा वर्षांत नाताळचं कार्ड तेवढं येतं, सहीपुरतं.
ज्या वादळात आईच्या नावाची बोट
धक्क्यावर आपटून फुटली,
त्या रात्री मागचा दोर कुणी बांधायचा होता
यावरून दोघांत जे झालं, ते गावाला पाठ आहे.

आधी हवा. मग डिझेलचा भाव.
मग बराच वेळ काहीच नाही,
कढत घास तोंडात धरावा तसा तो उभा.
मग: "दोर माझ्याकडे होता. मी बांधला नव्हता."

पलीकडून काय आलं ते आम्हाला कळलं
याच्या ओरडण्यावरून:
"कुठला दोर म्हणजे? बोटीचा दोर!
नाही, तुझ्याकडे नव्हता!
अरे, मी सांगतोय ना, माझा!
तू कशाला मधे पडतोस? माझा होता!"

वीस मिनिटं भांडले.
आजवर जो ज्या बाजूचा होता
तो आता दुसऱ्या बाजूने.
देणाऱ्याचा हात पुढे, आणि घ्यायला कुणी तयार नाही.
शब्दकोशात हे नाही, मी पाहिलं,
पुढच्या पानावरही नाही.

फोन ठेवून तो आत आला, कान लाल.
"गाढव आहे," म्हणाला, "रविवारी येतोय."
आणि गार झालेला बटाटा मिठाशिवाय खाल्ला.

एल्स्पेथने तिसरी ओळ लिहिली:
माय फादर कन्सीडेड.
मी म्हटलं, बाई खूण करतील,
काय मान्य केलं ते लागतं पुढे.
तिने पेन्सिल चावली. बापाकडे पाहिलं.
पूर्णविराम दिलेला होता, तो जरा गडद केला.

शनिवारी पाच गेले.
पाचवा तर अगदी पायांमधून.
मोजे पुन्हा हीटरवर आहेत,
या खेपेला तळवे वर करून.