चार ऱ्ह

आमच्या छापखान्यात ऱ्ह चे खिळे चारच होते.
सांगलीच्या खणभागात, पिठाच्या गिरणीला लागून,
बारा पॉइंटाच्या केसमधलं कोपऱ्यातलं शेवटचं घर त्यांचं,
वर्षानुवर्षं पीठ आणि धूळ खात पडलेलं.
कोण लिहितं हो ऱ्ह?
लग्नपत्रिकेत लागत नाही,
हळदीच्या सौद्याच्या पावतीत तर नाहीच.

मग पद्मावती मगदूम आल्या.
मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या.
सायकलच्या कॅरिअरला बाटल्या बांधलेल्या,
एकीत माई घाटाचं पाणी, एकीत हरिपूरच्या संगमाचं,
बुचांना मेण.
आणि पाठकोऱ्या कागदांवर लेख.
पहिल्याच लेखात ऱ्हास सात वेळा.

मी म्हटलं, बाई, चारच आहेत.
त्यांनी चारी खिळे तळहातावर घेतले,
उलटं अक्षर उजेडाकडे धरून पाहिलं.
बरं झालं दस्तगीर, म्हणाल्या,
ऱ्हास म्हटलेलं नदीला तरी कुठं कळतं?
तीन ठिकाणी लिही, मासे गेले.

तेव्हापासून त्या शब्द हुडकत
भोयांच्या वस्तीवर जाऊन बसायच्या.
पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला
पुस्तकात हातभर लांब नाव होतं.
सदू भोई जाळं झटकत म्हणाला,
पाण्यात दम राहिला नाही, बाई.
पुढच्या गुरुवारी मी मथळा जुळवला, छत्तीस पॉइंटात:
पाण्यातला दम.

त्याच उन्हाळ्यात रात्रीची मळी सुटली.
मरळ, वाम, शिंगटा
पोटं वर करून पुलाखालून गेले.
बाकीच्यांनी छापलं, अज्ञात कारणाने.
बाईंनी अज्ञातवर काट मारून
तिथं तारीख घातली, वेळ घातली,
पाइपाचं तोंड किती इंची, कुठल्या वळणावर.
कारखान्याची जाहिरात बंद झाली.
मालकांनी दोन महिने पगार अर्धा दिला.
खोटं कशाला बोलू,
तेव्हा मी बाईंना शिव्या घातल्या,
खिळे जुळवता जुळवता, मनात,
एका अक्षराला एक.

एकदा भाकरी खात होतो, तसाच, काळ्या बोटांनी.
त्यांनी मनगट धरलं.
शिसं आहे ते. हिरड्या दाखव.
पुढचा लेख शिशावर,
आमच्याच छापखान्याचा, नाव न घेता.
जुळवणारा मी, शिशाच्याच अक्षरांत.
विष जुळवलं, उठलो, हात धुतले,
मग येऊन
हात धुवा
जुळवलं.

पुस्तक एकच निघालं. पाचशे प्रती.
तीनशे पुराच्या पाण्यात गेल्या,
ज्या नदीबद्दल होत्या तिनंच नेल्या.
बाई हसल्या होत्या, वाचू दे तिलाही.
त्या गेल्या तेव्हा छापखाना उरला नव्हता,
केस भंगारात, किलोवर.
बातमीत त्यांना निसर्गप्रेमी म्हटलं.
हा शब्द त्यांना कधी चालला नाही.
प्रेम काय, सगळेच करतात, म्हणायच्या,
मोजतं कोण?

त्यांची थाळी माझ्याकडे आहे.
पांढरा रंग दिलेली, मधे भोक, गाठी मारलेली दोरी.
पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की भिजलेल्या गाठी मोजायच्या.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या मुली येतात,
वहीत लिहून नेतात.
भंगारातून वाचवलेले चार ऱ्ह
मी एकदा थाळीखाली बांधले होते, वजन म्हणून.
चार खिळ्यांचं वजन ते काय,
पण वाटलं, असावेत.
मग बाईंचा आवाज ऐकू आला,
शिसं? पाण्यात?
घाटावर बसून, थरथरत्या हातांनी, गाठ सोडली
आणि दगड बांधला.

खिळे आता तपकिरीच्या डबीत आहेत.
आजची नोंद:
सकाळी साडेसात, वारा नाही,
दोन गाठी,
आणि वर चार बोटं.